शिपायाचें घर आणि गर्भपाताचा कायदा

शिपायाला रजा मिळते ती सरकारच्या सवडीनें. गर्भ वाढतो तो निसर्गाच्या नियमानें. या दोहोंच्या वेळापत्रकाचा मेळ बसत नाहीं, आणि तो न बसल्याची झळ लागते ती बहुधा शिपायाच्या पत्नीला.

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेस, छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या देवरी अथवा सालेकसा तालुक्यांतील एखादें खेडें डोळ्यांपुढें आणावें. घरचा कर्ता मुलगा सैन्यांत आहे व त्याची पलटण लडाखकडे गेलेली आहे. घरीं वृद्ध सासूसासरे, दोन लहान मुलें आणि भाताच्या बांधींतलें काम. मागील बाळंतपणांत सून मरतां मरतां वांचलेली. पति रजेवर येऊन गेला. पुढच्या महिन्यांत तिची पाळी चुकली. हें तिसरें बाळंतपण आपल्याला झेपणार नाहीं, असें तिला वाटतें. परंतु तिच्यापुढें तीन प्रश्न उभे राहतात. गर्भपात करविणें हा गुन्हा तर नव्हे? पतीची सही लागेल काय, आणि लागत असल्यास ती लडाखहून आणावयाची कशी? तिसरा प्रश्न असा कीं, जावें कोठें? शिपायाची पत्नी म्हणून कामठीच्या लष्करी इस्पितळांत गेल्यास ती गोष्ट पतीच्या पलटणींत कळेल काय? हे प्रश्न कोणाला विचारावे हेंही ठाऊक नसल्यामुळें ती गप्प बसते, आणि दिवस जात राहतात.

या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें कायद्यानें दिलेलीं आहेत. दुर्दैवाची गोष्ट एवढीच कीं, ज्या घरांना त्यांची गरज असते त्या घरांपर्यंत तीं वेळेवर पोहोंचत नाहींत. आणि या विषयांत वेळ हीच सर्वांत मोलाची वस्तु आहे.

पहिला प्रश्न गुन्ह्याचा. १८६० सालच्या दंडसंहितेच्या ३१२ व्या कलमानें गर्भपात हा अपराध ठरविला. स्त्रीचे प्राण वांचविण्यासाठीं शुद्ध हेतूनें केलेला गर्भपात तेवढा त्यांतून वगळला होता. एरव्हीं तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल सुरू झाल्यानंतर सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होती. शिवाय स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही या कलमाच्या कक्षेंतून सुटलेली नव्हती. कायद्यानें दार बंद केल्यानें गरज नाहींशी झाली नाहीं. ती काळोखांत गेली. केशवपन केलेल्या, पुनर्विवाहाची वाट बंद असलेल्या विधवांचे जे हाल होत, ते पाहून जोतीराव फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. विधवांना तेथें गुप्तपणें येऊन बाळंत होतां येई. १८८१ सालीं सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली, व पुढें ती कमी करण्यांत आली. या खटल्यानिमित्त स्त्रीजातीवर जी आग पाखडली गेली, तिला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध लिहिला. दोष एकटीचा कसा, हा त्यांचा प्रश्न होता. आणि तो अद्यापि जुना झालेला नाहीं.

पुढें रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. त्यापायीं त्यांना प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली व अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. संततिनियमनाची गोष्ट उघडपणें बोलावयास जेथें एवढी किंमत पडत होती, तेथें गर्भपाताच्या कायद्याचा विचार व्हावयास आणखी काळ जाणें स्वाभाविकच होतें. अखेर १९६४ सालीं केंद्र सरकारनें शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. चोरून केलेल्या गर्भपातांनीं स्त्रियांचे प्राण जातात, हें तिच्यापुढील मुख्य दुखणें होतें. समितीचा अहवाल १९६६ च्या अखेरीस आला, आणि १० ऑगस्ट १९७१ रोजीं वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संमत होऊन तो १ एप्रिल १९७२ पासून अंमलांत आला.

या कायद्याची रचना नीट ध्यानांत घेतली पाहिजे. त्यानें जुना अपराध रद्द केला नाहीं. दंडसंहिता गेली व १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी त्या संहितेच्या ८८ व्या कलमांत तोच अपराध कायम आहे. १९७१ च्या कायद्यानें केलें तें असें कीं, नोंदलेल्या व पात्र डॉक्टरनें, ठरलेल्या कारणांसाठीं, ठरलेल्या मुदतींत व ठरलेल्या ठिकाणीं गर्भपात केला, तर तो गुन्हा होत नाहीं. म्हणजे अपराधाच्या भिंतीला एक रुंद दार ठेविलें. दारांतून जावयाचें तर कारण, मुदत, डॉक्टर आणि ठिकाण या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत.

कारणें पुढीलप्रमाणें आहेत. गर्भ वाढूं दिल्यानें स्त्रीच्या जिवाला धोका असेल, अथवा तिच्या शारीरिक किंवा मानसिक प्रकृतीला गंभीर इजा पोहोंचणार असेल. अथवा जन्मणाऱ्या मुलांत गंभीर व्यंग राहण्याचा मोठा संभव असेल. बलात्कारानें राहिलेला गर्भ हा मानसिक प्रकृतीला गंभीर इजाच करतो, असें कायदा गृहीत धरतो. संततिप्रतिबंधक साधन फसल्यानें राहिलेल्या गर्भाविषयींही तसें गृहीत धरतां येतें. पूर्वीं ही शेवटची सवलत विवाहित स्त्री व तिचा पति यांच्यापुरतीच होती. २०२१ च्या दुरुस्तीनें ‘कोणतीही स्त्री व तिचा जोडीदार’ अशी शब्दयोजना झाली. याखेरीज एक लहानसें वाक्य कायद्यांत आहे, त्याकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. स्त्रीच्या प्रकृतीचा विचार करतांना तिची प्रत्यक्ष परिस्थिति, तसेंच नजीकच्या भविष्यांत दिसणारी परिस्थिति, डॉक्टरला हिशेबांत घेतां येते. पति सीमेवर आहे, घरीं दुसरा हात नाहीं, मागील बाळंतपण जिवावर बेतलें होतें, या सर्व गोष्टी डॉक्टरपुढें मोकळेपणानें मांडण्याजोग्या आहेत. त्या सांगणें म्हणजे रडगाणें गाणें नव्हे. कायद्यानेंच त्यांना जागा दिलेली आहे.

मुदतीचा हिशेब आठवड्यांत होतो, आणि तेथेंच पुष्कळांची फसगत होते. गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळें पाळी चुकल्याचें ध्यानांत येतें त्या दिवशींच सुमारें चार आठवडे भरलेले असतात. १९७१ च्या कायद्यांत बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचें व बारा ते वीस आठवड्यांपर्यंत दोघांचें मत लागे. वीस आठवड्यांनंतर दार बंद होई. ही व्यवस्था २४ सप्टेंबर २०२१ पासून बदलली. आतां वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचें मत पुरतें. वीस ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान दोन डॉक्टरांचें मत लागतें, आणि ही वाढीव मुदत नियमांत सांगितलेल्या स्त्रियांसाठींच आहे. चोवीस आठवड्यांनंतर केवळ गर्भांतील गंभीर व्यंगासाठीं वैद्यकीय मंडळाच्या मतानें परवानगी मिळते. मंडळानें तीन दिवसांत मत द्यावें असा नियम आहे. स्त्रीचे प्राण तत्काळ धोक्यांत असतील तर मात्र आठवड्यांची, ठिकाणाची व दुसऱ्या डॉक्टरच्या मताची अट उरत नाहीं. गोळ्यांनीं गर्भपात करावयाचा असेल तर त्याची मर्यादा नऊ आठवडे आहे, आणि त्या गोळ्या डॉक्टरच्या देखरेखीनेंच घ्यावयाच्या असतात. बाजारांतून कोणाकरवीं तरी आणवून त्या गुपचूप घेण्यानें अतिरक्तस्राव होऊन, अथवा गर्भ नळींत असल्याचें न कळल्यामुळें, प्राणावर बेतूं शकतें.

दुसरा प्रश्न सहीचा. यांत कायद्याची भाषा अगदीं निःसंदिग्ध आहे. अठरा वर्षांवरील स्त्रीच्या बाबतींत संमति लागते ती तिची एकटीची. पतीची सही, सासऱ्याची सही, बापाची सही, यांपैकीं एकही कायद्याला नको आहे. मुलगी अठरा वर्षांखालील असेल, अथवा स्त्री मनोरुग्ण असेल, तेव्हांच पालकाची लेखी संमति लागते. असें असतांहि कित्येक ठिकाणीं ‘नवऱ्याला घेऊन या’ असें ऐकावें लागतें. यामागें डॉक्टरची भीति असते. उद्यां घरचीं माणसें भांडावयास आलीं तर काय, असें त्याला वाटतें. ज्याचा नवरा चार घरें पलीकडे आहे तिला ही अट जाचक होते. जिचा नवरा सहा महिन्यांनीं परतणार तिला ती अशक्यच होते. पतिपत्नींनीं अशा गोष्टी एकविचारानें कराव्या, हें उत्तमच. परंतु एकविचार ही घरांतली गोष्ट आहे, इस्पितळाची अट नव्हे. दूर असलेल्या पतीनें फोनवरून ‘तुला योग्य वाटेल तें कर’ एवढें म्हटलें, तर त्यानें आपलें काम पुष्कळसें केलें.

संमतीची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. तिच्या संमतीशिवाय तिचा गर्भ पाडणें हा अत्यंत गंभीर अपराध असून न्याय संहितेच्या ८९ व्या कलमान्वयें त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. मूल हवें असलेल्या स्त्रीवर कोणी गर्भपाताची सक्ति करूं शकत नाहीं. गर्भलिंगपरीक्षा करून मुलगी असल्यास पाडणें हा तर सर्वस्वीं निराळा विषय होय. त्याविरुद्ध महाराष्ट्रानें १९८८ सालींच कायदा केला व १९९४ सालीं केंद्रानें. गर्भाचें लिंग हें १९७१ च्या कायद्यांतील कारणांत कोठेंही बसत नाहीं. या दोन कायद्यांची गल्लत झाल्यामुळें कित्येक डॉक्टर कायदेशीर गर्भपातासही भितात, आणि शिक्षा होते ती निरपराध स्त्रीला.

तिसरा प्रश्न ठिकाणाचा. गर्भपाताविषयीं सैन्यासाठीं हिंदुस्थानांत वेगळा कायदा नाहीं. नागरिकाला जो कायदा, तोच शिपायाच्या कुटुंबाला. कायद्याच्या चवथ्या कलमांत दोन प्रकारचीं ठिकाणें सांगितलीं आहेत. एक, सरकारनें स्थापिलेलें अथवा चालविलेलें रुग्णालय. दुसरें, सरकारनें किंवा जिल्हा समितीनें मान्यता दिलेलें खाजगी ठिकाण. लष्करी इस्पितळ हें सरकारचेंच असल्यामुळें तें पहिल्या प्रकारांत येतें व त्याला निराळ्या मान्यतेची गरज नाहीं. मात्र डॉक्टरला पात्रतेची अट तेथेंही आहे. खांद्यावरचे तारे मोजून ही पात्रता येत नाहीं. स्त्रीरोगशास्त्राची पदवी अथवा पदविका, किंवा नियमांत सांगितलेला अनुभव लागतो. उदाहरणार्थ, बारा आठवड्यांपर्यंतच्या गर्भपातासाठीं मान्य ठिकाणीं पंचवीस प्रसंगीं साहाय्य केलेलें व त्यांपैकीं निदान पांच स्वतः केलेले असावे, असा एक पर्याय नियमांत आहे. याचा अर्थ असा कीं, पलटणीबरोबर असलेला प्रत्येक डॉक्टर हें काम करूं शकेलच असें नाहीं. स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या मोठ्या इस्पितळाकडे त्याला रुग्णास पाठवावें लागतें.

या व्यवस्थेंत एक मोठी फट बरींच वर्षें राहिली होती. १९७१ चा कायदा जम्मू व काश्मीरला लागू नव्हता. सैन्याचा फार मोठा भाग ज्या प्रदेशांत राहतो, तेथेंच हा केंद्रीय कायदा पोहोंचत नव्हता. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजीं त्या राज्याची पुनर्रचना झाली आणि केंद्राचे कायदे तेथें लागू झाले, तेव्हां ही फट बुजली.

गोंदियाच्या स्त्रीला व्यवहारांत दोन दारें उघडीं आहेत. कामठी ही इंग्रजी अमदानींत वसलेली जुनी छावणी. ती गोंदिया-नागपूर लोहमार्गावरच आहे. गोंदियाहून नागपूर सुमारें १३० किलोमीटर, आणि कामठी त्याच्या थोडी अलीकडे. देवरीकडील खेड्यांतून आधीं गोंदिया अथवा आमगाव गांठावयाचें व मग गाडी धरावयाची, म्हणजे एक दिवस जाण्यांत व एक परतण्यांत जातो. दुसरें दार जवळचें आहे. गोंदियास बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे, आणि २०१६ सालीं तेथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही निघालें. शिपायाच्या पत्नीनें लष्करी इस्पितळांतच गेलें पाहिजे असें बंधन नाहीं. ती या देशाची नागरिक आहे, आणि जिल्ह्याचें सरकारी रुग्णालय तिचेंही आहे. निवृत्त सैनिकांच्या कुटुंबांसाठीं १ एप्रिल २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना चालू झाली. तिच्या यादींतील खाजगी रुग्णालयांत जावयाचें असल्यास, तेथें गर्भपाताची मान्यता आहे किंवा नाहीं हें आधीं पाहिलें पाहिजे. योजनेच्या यादींत नांव असणें ही एक गोष्ट व चवथ्या कलमाची मान्यता असणें ही दुसरी.

आतां गुप्ततेचा विचार. छावणी हें एक मोठें खेडेंच असतें. शिपायाच्या पत्नीला लष्करी इस्पितळांत प्रवेश मिळतो तो पतीच्या नोकरीच्या नात्यानें. त्यामुळें तिची गोष्ट फिरत फिरत बराकींत जाईल, ही धास्ती पोकळ म्हणतां येत नाहीं. कायदा करणाऱ्यांनीं ही धास्ती ओळखली होती. गर्भपाताची नोंद एका स्वतंत्र वहींत व्हावी, ती वही गुप्त मानून बंदोबस्तांत ठेवावी, आणि इस्पितळाच्या इतर कागदांत स्त्रीचें नांव न लिहितां केवळ तिचा क्रमांक लिहावा, असे नियम आहेत. नोकरी करणाऱ्या स्त्रीला रजेसाठीं दाखला हवा असल्यास डॉक्टरनें तो द्यावा, पण मालकानें ती गोष्ट दुसऱ्या कोणाला कळवूं नये, असेंही नियम सांगतात. २०२१ च्या दुरुस्तीनें याला दंडाचें बळ दिलें. कायद्यानें अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज इतरांस स्त्रीचें नांव व तपशील सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कारावास होऊं शकतो. हा नियम लष्करी डॉक्टरलाही लागू आहे. हुद्द्यानें मोठ्या असलेल्या अधिकाऱ्यानें सहज चौकशी केली म्हणून गुप्ततेचें बंधन सैल होत नाहीं.

शिपायाच्या घराशीं सर्वांत जवळचा असा जो नियम आहे, त्याचा उल्लेख आतां केला पाहिजे. वीस ते चोवीस आठवड्यांची वाढीव मुदत ज्या स्त्रियांना मिळते त्यांची यादी १२ ऑक्टोबर २०२१ च्या नियमांत आहे. बलात्काराच्या बळी ठरलेल्या स्त्रिया, अल्पवयीन मुली, अपंग व मनोरुग्ण स्त्रिया, गर्भांत गंभीर व्यंग असलेल्या, आणि आपत्तींत सांपडलेल्या स्त्रिया यांच्याबरोबर त्या यादींत आणखी एक प्रकार आहे: गर्भारपण चालू असतां जिची वैवाहिक स्थिति बदलली अशी स्त्री. कंसांत दोन शब्द आहेत, वैधव्य व घटस्फोट.

सीमेवरून तार येण्याचे दिवस गेले. आतां फोन येतो. परंतु बातमी तीच असते. पांचवा महिना लागलेली एखादी स्त्री त्या फोननें विधवा होते. कालपर्यंत हवेंहवेंसें असलेलें मूल आज तिला आधार वाटेल किंवा न पेलणारा भार वाटेल, हें बाहेरच्या माणसानें सांगावयाचें नाहीं. घरांत दोन्ही बाजूंनीं ओढ असते. सासरच्यांना गेलेल्या मुलाची शेवटची खूण हवी असते. माहेरच्यांना वाटतें, मुलीचें वय लहान आहे, तिचें पुढचें आयुष्य आहे. दोन्ही बाजूंस माया आहे, आणि दोन्ही बाजूंस सक्तीचाही धोका आहे. कायदा येथें इतकेंच करतो कीं, तेरवीनंतर विचार करावयास तिला चार आठवडे अधिक देतो, आणि संमति तिच्या एकटीच्या हातीं ठेवतो. मूल ठेवावयाचें ठरविलें तरी तो निर्णय तिचा, न ठेवावयाचें ठरविलें तरी तिचाच. फुले यांच्या गृहांत रात्रीं तोंड झांकून येणाऱ्या विधवेपासून नियमांत नांवानें उल्लेखिलेल्या विधवेपर्यंत यावयास दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला. वाट लांबची होती, पण दिशा योग्य होती. पुढें २९ सप्टेंबर २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ही वाढीव मुदत अविवाहित स्त्रीलाही नाकारतां येणार नाहीं, असा निर्णय देऊन यादीचा अर्थ आणखी उदार केला.

हें झालें शिपायाच्या पत्नीचें. स्त्री स्वतःच गणवेश घालते तेव्हां प्रश्न आणखी बिकट होतो. हिंदुस्थानच्या सैन्यांत परिचारिकांची सेवा जुनी आहे; वैद्यकेतर शाखांत स्त्रिया अधिकारी म्हणून १९९२ पासून येऊं लागल्या; १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालानें त्यांना कायम नेमणुकीचा हक्क मिळाला; आणि २०२३ सालीं शिपाई दर्जाच्या स्त्रियांनाही अधिकाऱ्यांप्रमाणें बाळंतपणाची व बालसंगोपनाची रजा मंजूर झाली. परंतु १९८८ सालीं लष्करी परिचारिका सेवेंतील एका लेफ्टनंट स्त्रीला लग्न केलें एवढ्याच कारणावरून कमी करण्यांत आलें होतें, हें विसरतां येत नाहीं. तो नियम १९९५ सालीं मागें घेतला गेला, आणि २०२४ च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें तिला भरपाई देवविली. नोकरी व संसार यांपैकीं एक निवड, असें स्त्रीला सांगण्याची संवय केवळ घरांनाच असते असें नाहीं.

या संवयीचा सर्वांत बोधप्रद इतिहास अमेरिकेचा आहे. तेथें १९५१ सालच्या एका आज्ञेनें गर्भार स्त्रीला सैन्यांतून काढून टाकण्याची मुभा मिळाली. १९७० सालीं व्हिएटनाममध्यें असलेल्या सुसान स्ट्रक या हवाईदलांतील परिचारिका कॅप्टनला दिवस गेले. तिला सांगण्यांत आलें कीं, गर्भपात करून घे अथवा नोकरी सोड. त्या काळीं लष्करी इस्पितळांत गर्भपात होत होते. ती कॅथॉलिक पंथाची. तिनें दोन्ही गोष्टी नाकारल्या, मूल दत्तक दिलें व सरकारवर दावा केला. तिच्या बाजूनें उभ्या राहिलेल्या वकील रूथ बेडर गिन्सबर्ग पुढें तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ति झाल्या. १९७२ सालीं दावा त्या न्यायालयापर्यंत पोहोंचला, तोंच हवाईदलानें माघार घेऊन तिला नोकरींत ठेवलें व खटला संपला.

त्यानंतर तराजूचें पारडें उलट बाजूस गेलें. १९८४ च्या कायद्यानें लष्कराचा पैसा स्त्रीचे प्राण वांचविण्याखेरीज इतर गर्भपातांसाठीं वापरण्यास बंदी झाली. १९९६ सालीं लष्करी इस्पितळांच्या जागेवरही निर्बंध आला. बलात्काराच्या प्रसंगीं खर्च करण्याची मुभा मिळावयास २०१३ उजाडलें. २४ जून २०२२ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें गर्भपाताचा घटनात्मक हक्कच काढून घेतला, आणि टेक्साससारख्या राज्यांतील छावण्यांतल्या स्त्रियांना बाहेर नागरी दवाखानाही उरला नाहीं. सैनिक कोठें राहील हें सैनिक ठरवीत नाहीं. म्हणून २०२३ च्या फेब्रुवारींत संरक्षण खात्यानें दुसऱ्या राज्यांत जाण्यासाठीं रजा व प्रवासखर्च देण्याचें ठरविलें. त्याला विरोध म्हणून टॉमी ट्युबरव्हिल या सिनेटरनें चारशेंहून अधिक वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बढत्या कित्येक महिने अडवून धरल्या. २०२५ च्या जानेवारींत तें धोरण सरकार बदलतांच रद्द झालें. ज्या सैन्यानें एकदां स्त्रीला गर्भपात कर म्हणून बजावलें, त्याच सैन्याच्या इस्पितळांचें दार पुढें तिला बंद झालें. दोन्ही आज्ञा वरवर परस्परविरुद्ध. परंतु दोहोंतही निर्णय तिचा नव्हता, हें साम्य आहे.

या तुलनेंत हिंदुस्थानचा कायदा पुष्कळ उजवा दिसतो, तरी त्याच्या उणिवांकडे डोळेझांक करणें योग्य नाहीं. येथें स्त्रीला हक्क असा दिलेला नाहीं; डॉक्टरच्या मताला संरक्षण दिलेलें आहे. डॉक्टर समंजस असेल तर कायदा उदार वाटतो, तो भित्रा असेल तर तोच कायदा कृपण होतो. चोवीस आठवड्यांनंतर व्यंगाखेरीज कारणासाठीं उच्च न्यायालयाचें दार ठोठवावें लागतें. आणि देवरीच्या खेड्यांतील स्त्रीला नागपूरच्या खंडपीठापर्यंत जाणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. त्या घरीं वकिलाची वाट पाहण्यांत जो आठवडा जातो, तो गर्भाच्या वयांत मोजला जातो.

म्हणून घरांघरांतून ठाऊक असावें असें थोडक्यांत हें कीं, पाळी चुकल्यास दोन आठवड्यांच्या आंत डॉक्टरकडे जावें. सही लागते ती स्त्रीची. सरकारी रुग्णालय, मग तें लष्करी असो वा जिल्ह्याचें, कायद्यानें मान्य ठिकाण आहे. नांव गुप्त राखणें ही डॉक्टरची मेहेरबानी नसून कर्तव्य आहे. आणि दुर्दैवानें कुंकू पुसलें गेलें तर चोवीस आठवड्यांपर्यंत कायद्याचें दार उघडें आहे. नवी नवरी सासरीं आली म्हणजे गॅसचें पुस्तक, बँकेचें पासबुक व पलटणीचा पत्ता तिला दाखविण्यांत येतो. त्याच बैठकींत या पांच गोष्टीही एखाद्या वडीलधाऱ्या बाईनें तिच्या कानांवर घातल्या, तर पति दूर असतां ती निराधार राहणार नाहीं.